कोंडवाड्यावरची भवानी

राहात्यात एसटी स्टँडकडून पेठेकडे वळलं की छगनअण्णांची इमारत लागते. दर्शनी भिंतीवर सिमेंटच्या ठसठशीत अक्षरांत 'श्रीलक्ष्मी मार्केट' असं लिहिलेलं आहे. पण त्या नावानं पत्ता विचारलात तर गावातला माणूस डोकं खाजवील. 'कोंडवाड्याची इमारत' म्हणा, आंधळासुद्धा दारापर्यंत आणून सोडील.

कारण त्या जागेवर आधी कोंडवाडा होता. दुसऱ्याच्या पिकात शिरलेली गुरं तिथं डांबायचे आणि मालक दंड भरून सोडवून नेईपर्यंत ती बिचारी उपाशीतापाशी हंबरत उभी राहायची. पुढे ग्रामपंचायतीनं कोंडवाडा गावाबाहेर हलवला आणि जागा लिलावात काढली. लिलावाला गर्दी मोप झाली, बोली कुणीच बोलेना. मुक्या जनावरांचा तळतळाट मुरलेली जागा घेऊन कोण आपल्या पायावर धोंडा पाडून घेईल? छगनअण्णांनी घेतली. पेरूची बाग होती, त्या साली पेरूला भाव चांगला मिळाला होता, आणि अण्णांचा स्वभाव असा की दहा माणसं 'नको' म्हणाली की त्यांचं 'हो' ठरलेलं.

सत्तर साल उजाडायच्या आत इमारत उभी राहिली. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर विटकाम, त्यावर स्लॅब, पुढे ऐसपैस ओटा आणि चार गाळे. गाळ्यांना लोखंडी शटर. पेठेत तोवर सगळ्यांना फळ्यांचे दरवाजे, त्यामुळे शटर वरखाली होताना बघायला माणसं मुद्दाम यायची. बघून जायची, गाळा मात्र कुणी मागायचं नाही. एक कापडवाला आला तो दिवाळीच्या आत कोपरगावला पळाला. मग एक फोटोग्राफर आला. त्यानं काढलेले पहिल्याच लग्नाचे फोटो सगळे पांढरेफटक निघाले. चूक त्याची, खापर फुटलं ते गुरांवर.

अशा जागेत मला गाळा मिळाला यात नवल नाही. मी दानीएल, टेलर. नगरला मिशनच्या शाळेत शिवणकाम शिकलो आणि मग कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या ओट्यावर मशीन टाकून बसलो. अण्णांनी एक दिवस बोलावून विचारलं, तुमच्यात असलं काही मानत नाहीत ना मास्तर? मी छाती काढून सांगितलं, अजिबात नाही. ते खरंच होतं. आमच्यात मानत नाहीत. माझा मी काय मानतो, ते अण्णांनी विचारलं नव्हतं.

माझ्या शेजारी गहिनीनाथचं सायकलचं दुकान आलं, त्याच्या पलीकडे कानिफनाथचं हॉटेल. चौथा गाळा बंदच राहिला. पहिले काही महिने आम्ही तिघांनी काय केलं म्हणाल, तर माशा मारल्या. कानिफच्या हॉटेलात निदान माशा तरी होत्या. माझ्याकडे त्याही येत नव्हत्या.

मग लंकाबाई आली.

लंकाबाई कालव्यापलीकडच्या वस्तीवर राहायची. नवरा भागुजी कायम खोकल्यानं बेजार, जमीन नावापुरती आणि दारात एक म्हैस. रोज सकाळी डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दुधाची चरवी घेऊन ती कानिफच्या हॉटेलात दूध घालायला यायची. उंच, सडसडीत बाई. चेहऱ्याआधी तिचा आवाज पोचायचा. एका सकाळी वाटेत बाभळीच्या काट्याला अडकून तिचा पदर फाटला, तशी ती माझ्या पायऱ्या चढली आणि सुई मागू लागली. मी म्हणालो, बाई, मी कपडे शिवतो, सुया विकत नाही. तर म्हणते, "एवढ्या सुया घिऊन बसलाय, एक दिली तर काय मशीन उपाशी मरंल?" आणि तिनं मशीनवर नाणं ठेवलं.

ती माझी त्या दिवसाची भवानी. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक, पहिली विक्री. ती ज्याच्या हातून होते त्याच्या हाताच्या गुणावर दिवस जातो, हे पेठेत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि त्या दुपारी काय व्हावं? पुणतांब्याची बँडपार्टी, ढोलवाल्यापासून झांजवाल्यापर्यंत झाडून सगळी, लाल कोटांची मापं द्यायला माझ्या दारात उभी!

गहिनीनाथनं हे शेजारून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं लंकाबाईला हाक मारली. पण सायकलच्या दुकानात ती काय घेणार? शेवटी जुन्या ट्यूबची एक पट्टी कापून दिली, चरवीच्या तोंडाला फडकं बांधायला. संध्याकाळच्या आत गहिनीनाथची पहिली कोरी सायकल गेली. आता कानिफला चैन पडेना. त्याचं तर उलटंच होतं, सकाळी सकाळी तोच लंकाबाईला दुधाचे पैसे देत होता. पहिलंच नाणं घरातून बाहेर! त्यानं डोकं लढवलं. लंकाबाईनं आल्याबरोबर आधी एक कप चहा विकत घ्यायचा आणि मग त्यानं दूध घ्यायचं. ती बाई रोज स्वतःच्याच दुधाचा चहा पैसे मोजून प्यायची आणि हसायची.

मग तो नेमच पडला. शटर वर, उदबत्ती, आणि तिघं आपापल्या दारात वाट बघत उभे. तिच्या आधी कुणी गिऱ्हाईक आलंच, तर त्याला 'जरा टेका' म्हणून ओट्यावर बसवायचं. एका एसटी ड्रायव्हरला शर्टाचं बटण लावून हवं होतं, गाडी सुटायला आली होती. मी त्याला तसाच बसवला. तो मला नाही नाही ते बोलला. मी ऐकून घेतलं.

लंकाबाईचा स्वतःचा यावर काडीचा विश्वास नव्हता. "माझ्या हाताला गुन असता," ती म्हणायची, "तर माझ्या म्हशीला दरसाल रेडाच झाला असता व्हय?" पण आम्ही नाराज नको म्हणून ती प्रत्येक पायरी चढायची. माझ्याकडून कधी दोऱ्याची गुंडी, कधी हूक. तिच्या घरी एवढे हूक झाले असतील की सबंध वस्तीच्या चोळ्यांना पुरावेत. माझी बायको कृपा मला चिडवायची, की अहो, तुमची सकाळची प्रार्थना नक्की कुणाकडे असते, देवाकडे की दूधवालीकडे? मी तिला एवढंच सांगून ठेवलं होतं की पाळकसाहेबांच्या कानावर हे घालू नकोस.

धंदे चालले. त्याच सुमाराला एसटीच्या गाड्या आमच्या बाजूला थांबायला लागल्या होत्या, म्हणून चालले, असं काही शहाणे म्हणतात. म्हणोत बापडे.

बहात्तर साली पाऊस झाला नाही. कालव्याचं पाणी आटलं, गावोगाव लोक खडी फोडायला जाऊ लागले आणि रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली. त्यातच भागुजी गेला. आम्ही तिघंही मातीला गेलो. सुतक फिटलं आणि आम्ही पुन्हा सकाळी दारात उभे राहू लागलो. लंकाबाई काही पायऱ्या चढली नाही.

दूध मात्र हॉटेलात येत होतं. एकदा मागच्या खिडकीतून मला दिसलं. इमारतीच्या मागे एक अरुंद बोळ आहे, तिकडून ती यायची. कपाळ मोकळं, हात मोकळे, चरवी डोक्यावर नाही तर कमरेवर, आणि नजर जमिनीला. मागच्या दारानं दूध घालायची आणि आल्या वाटेनं निघून जायची. विधवा बाईचं तोंड सकाळी समोर आलं तर भवानीला अपशकुन, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. कुणी सांगितलंही नाही. हाच तर सगळा घोळ होता. तिनं आपणहून ओळखलं आणि आम्हाला बोलायची पाळी आली नाही, म्हणून तिघांनाही जरा हायसं वाटलं होतं.

गहिनीनाथनं मग पुणतांब्याहून आपली मावशी बनुबाई आणवली. भरल्या घरातली, नातवंडांची सवाशीण, तिच्या हाताला गुण असणारच असा त्याचा हिशोब. बनुबाईनं पहिल्या दिवशी सायकलची घंटी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घंटी घेऊन परत आली, म्हणाली वाजत नाही, पैसे दे. भवानीचा माल परत, तोही भवानीच्याच वेळेला! गहिनीनाथनं तिला दुपारच्या गाडीत बसवून दिलं.

धंदा बसला. दुष्काळच तो, टँकरच्या मागे धावणारी माणसं कोट शिवून घेतील की सायकली घेतील? पण हे पेठेत सगळ्यांना कळत असूनही आमच्या इमारतीत बोलणं एकच, की कोंडवाडा जागा झाला. कानिफनं आधी दूध निम्म्यावर आणलं आणि मग एक दिवस मागच्या दारातूनच सांगितलं, की आता गिऱ्हाईक नाही, काही दिवस नको आणूस. तिनं 'बरं' म्हटलं आणि गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कृपा तिला भेटायला वस्तीवर गेली होती. परत आली ती माझ्याशी बोलेना. ताट आदळून वाढलं. मी विचारलं तसं तिनं एका दमात सांगितलं. लंकाबाईचा भाऊ सहादेव पाथर्डीहून बैलगाडी घेऊन आला आहे. उद्या म्हैस घेऊन निघायचं, घोडेगावच्या बाजारात ती विकायची आणि लंकाबाईनं त्याच्या टोळीबरोबर ऊस तोडायला जायचं. झोपडीला कडी घालून.

"आणि मला म्हणाली," कृपा म्हणाली, "बरं झालं बाई, माज्यापायी कुणाचं दुकान बसाया नको."

मी ताट बाजूला सारलं. लंकाबाई टोळीत गेली की कोयत्याखाली वाकलेल्या शेकडो बायकांतली एक होणार होती, आणि म्हैस एकदा विकली की पुन्हा दारात येत नसते. सकाळी मी इमारतीत गेलो तो भांडायच्याच तयारीनं. बाजारचा दिवस होता. कानिफला म्हणालो, तू दूध बंद केलंस. तो म्हणाला, तुम्ही काय केलं मास्तर, तुमच्यात तर मानत नाहीत ना? गहिनीनाथ मध्ये पडला. त्यालाही वाईट वाटत होतं, पण त्याचं गाडं एकाच ठिकाणी रुतलेलं. आता करायचं काय, तिला परत सवाशीण तर करता येत नाही. मग त्यानंच तोड काढली, की तिला दुपारनंतर यायला सांगू, भवानी होऊन गेल्यावर. कानिफला ते पटलं. मला ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं, आणि त्यामुळे माझा आवाज आणखी चढला.

छगनअण्णा ओट्यावर काठी टेकून बसले होते. हा सगळा तमाशा त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाले, "कानिफ, तुझा बाप गेला, तवा तुझं हाटेल कोनी उघडलं?"

कानिफ म्हणाला, तुम्हीच, आणखी कोण?

पेठेची तशी रीतच आहे. दुकानदाराच्या घरी कुणी गेलं तर सुतक फिटल्यावर तो आपल्या हातानं दुकान उघडत नाही. पेठेतली माणसं त्याला घरून घेऊन येतात, त्यांच्या हातानं शटर वर करतात आणि पहिली खरेदी तीच करतात. मग दुःख घराबाहेर पडलं असं समजायचं. ज्याच्या दारी असं कुणी गेलं नाही, तो पेठेतून उठलाच. कानिफच्या वेळी आम्ही सगळे त्याच्या बाकड्यांवर ओळीनं बसलो होतो आणि पहिला चहा अण्णांनी मागितला होता.

"मग लंकाचं दुकान उघडाया कोन गेलं?" अण्णांनी विचारलं.

गहिनीनाथ पुटपुटला, "तिचं कुटं दुकान हाय, अण्णा?"

"डोक्यावर हाय की. तुमच्या दुकानाला मी शटर बसवलं, म्हून तुमी दुकानदार व्हय? वरीसभर तिच्याकून भवानी मागत बसलाव. तिची भवानी कोनी केली?"

मी अण्णांना इतकी वर्षं ओळखतो, पण त्या वेळी त्यांच्याकडे बघवेना. ते काठी टेकत उठले आणि घरातून लोटा आणायला निघाले. कानिफनं चहाचं पातेलं उचललं. गहिनीनाथ तेलाचा डबा राखेनं घासायला बसला. मी घरी गेलो तर बातमी आधीच पोचलेली, कृपा तांब्या घेऊन दारातच उभी होती. ती म्हणाली, मीही येते. बाजारच्या दिवशी कोंडवाड्याच्या इमारतीची सगळी शटर खाली पाहून लोकांना वाटलं, अण्णाच गेले. एकानं तर वाटेत अण्णांनाच विचारलं, कोण गेलं म्हणून.

आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा बैलगाडी जुंपलेली होती. गाडीत गाठोडी आणि मागे दाव्याला म्हैस. सहादेव जुवाच्या सापत्या तपासत होता. लंकाबाई नुकतीच धार काढून उठली होती. आम्हाला पाहिलं तशी ती चटकन दाराआड झाली.

आतूनच म्हणाली, "सकाळच्या पारी माझं तोंड नका बगू. दुकानं उघडायची असतील तुमाला."

"दुकान उघडायलाच आलोय," अण्णा म्हणाले. "तुझं."

तिला काही कळलं नाही. अण्णांनी दुधाची चरवी स्वतः उचलली, दाराच्या बरोबर समोर आणून ठेवली, शेजारी आपला लोटा ठेवला आणि माप मागितलं. सहादेव पुढे आला. वाईट माणूस नव्हता तो. त्यानं रास्तच विचारलं, की म्हशीला घालायचं काय, वैरण सोन्याच्या भावानं झाली, उद्या ही उपाशी मेली तर? अण्णा म्हणाले, माझा चौथा गाळा कडब्यानं भरलेला आहे, तो काय मी खाणार आहे? कोंडवाड्यात आजवर जनावरं उपाशी राहिली, आता तिथूनच एकीची वैरण जाऊ दे. आणि दूध रोज कोण घेणार, असं तो विचारायच्या आतच कानिफ म्हणाला, मी घेणार.

लंकाबाई माप घेऊन बाहेर आली. आमच्याकडे बघत नव्हती. अण्णांनी नाणं पुढे केलं.

"खाली ठेवा," ती म्हणाली.

"भवानी खाली ठेवीत न्हाईत. हातात घ्यायची असती."

तिनं हात पुढे केला. नाणं हातात पडलं, आणि पेठेत दुकानदारांना रोज करताना तिनं पाहिलेलं, तेच तिच्या हातून आपोआप झालं. नाणं मापाला लावलं, मग कपाळाला लावलं. त्या मोकळ्या कपाळाला नाणं टेकलं आणि लंकाबाई रडली. भागुजीच्या मातीला ती अशी रडली नव्हती. कृपानं तिला धरलं. आम्ही पुरुष इकडेतिकडे बघत उभे. गहिनीनाथ डब्याचं झाकण उगाच उघडझाक करत होता.

मग तिनं डोळे पुसले आणि माप चरवीत घातलं. अण्णांचा लोटा भरला. कानिफचं पातेलं तिनं नाकाशी धरलं, आणि आम्हाला आमची लंकाबाई परत मिळाल्यासारखं झालं. "चहाचा वास येतोय याला," ती म्हणाली. "दूध नासलं तर माझ्या नावानं वरडू नका." गहिनीनाथच्या डब्याबद्दल ती जे बोलली ते मी इथं लिहीत नाही, पण त्यावर सहादेवसुद्धा हसला.

मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. दुसऱ्याच्या दारी दूध-पाण्याच्या वेळी मागे उभं राहायचं, ही आमच्या आज्यापणज्यापासूनची सवय. नाव बदललं, धर्म बदलला, सवय जायला वेळ लागतो. माझी पाळी आली तेव्हा लंकाबाईनं माझ्या हातातून तांब्या घेतला आणि चरवी त्यावर पालथी धरली. आत थेंबही उरला नव्हता.

तिनं तांब्या मला परत दिला.

"मास्तर, तुमचं उद्या," ती म्हणाली. "दुकानावर आनून देते."

'उद्या' म्हणताना आपण काय बोलून गेलो ते तिच्याही ध्यानात आलं असावं, कारण ती जुंपलेल्या गाडीकडे बघू लागली. कृपानं हळूच विचारलं, "पुढच्या दारानं ना?"

"मग? मागला बोळ लई घान हाय. पाय भरत्यात."

सहादेवनं बहिणीकडे पाहिलं. मग तो गाडीच्या मागे गेला, म्हशीचं दावं सोडलं आणि तिला परत तिच्या जागी नेऊन बांधलं. मी रिकामा तांब्या घेऊन घरी आलो. त्या साली मला एवढं हलकं दुसऱ्या कशानंच वाटलं नाही.